'एनर्जाइझ' हे क्रियापद नीट वापरायचं कसं: चहाच्या कपापासून पंपाच्या स्टार्टरपर्यंत

सांगलीत संध्याकाळच्या इंग्लिश बॅचला एमपीएससीची तयारी करणारी पोरंपोरी येतात आणि आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडची पण येतात, आणि 'एनर्जाइझ' हा शब्द दोघांनाही लागतो पण अगदी वेगळ्या कामाला. एकाला निबंधात "तरुणांमध्ये चैतन्य निर्माण झालं" असं लिहायचं असतं, दुसऱ्याला उद्या कंपनीतल्या पॅनलवर 'एनर्जाइझ्ड' अशी पाटी वाचून तिथं हात घालायचा का नाही ते ठरवायचं असतं. डिक्शनरी उघडली की "ऊर्जा देणे" एवढंच मिळतं आणि तेवढ्यावर दोघांचंही भागत नाही, म्हणून हा शब्द मुळापासून एकेक पायरी करत घेऊया. वही जवळ ठेवा, मधे मधे वाक्यं करायची आहेत.

आधी शब्द करतो काय ते बघा

एनर्जी हा शब्द ग्रीक 'एनर्गेइया' वरनं आलाय, त्यात 'एन' म्हणजे आत आणि 'एर्गॉन' म्हणजे काम. म्हणजे मुळातच तिथं नुसती ताकद नाही, कामात असणं आहे. (फिजिक्समध्ये आपण शाळेत शिकतो त्या अर्थाच्या जवळ हा शब्द थॉमस यंगने आणला, १८०७ साली छापलेल्या त्याच्या व्याख्यानांत.) त्यामुळे एनर्जाइझ म्हणजे जे गप पडून आहे त्याला बाहेरनं काहीतरी देऊन कामाच्या अवस्थेत आणणं. यात देणारा एक, घेणारा एक, आणि घेणाऱ्यात झालेला बदल, या तीन गोष्टी असल्याच पाहिजेत, एखादी नसली तर शब्द लंगडा पडतो.

हे समजून घ्यायला विहिरीवरची स्टार्टरची पेटी उघडून बघण्यासारखं दुसरं काही नाही. आत तांब्याच्या तारेची एक गुंडाळी असते, त्याला नो-व्होल्ट कॉईल म्हणतात, आपल्याकडं नुसतं कॉईल. लाईट असो वा नसो, बटण दाबेपर्यंत ती कॉईल म्हणजे निव्वळ तार. हिरवं बटण दाबलं की तिच्यातून करंट जातो, ती लोहचुंबक बनते, समोरचा लोखंडी तुकडा खटकन ओढून घेते, त्याच्याबरोबर कॉन्टॅक्ट मिटतात आणि मोटर घुमायला लागते. त्या "खटकन"च्या क्षणाला इंग्रजीत म्हणतात 'द कॉईल इज एनर्जाइझ्ड'. मग लाईट गेली की कॉईल 'डी-एनर्जाइझ्ड' होते, चुंबकपणा जातो, स्प्रिंग कॉन्टॅक्ट मागं ढकलते आणि मोटर बंद. म्हणूनच तर रात्री लाईट परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही, कुणीतरी उठून बटण दाबायला जावं लागतं नाहीतर ऑटो स्विच बसवावा लागतो. देणारी वीज, घेणारी कॉईल, बदल म्हणजे चुंबक झाली आणि कामाला लागली. माणसांबद्दल वापरताना पण हेच तीन भाग शोधायचे.

उच्चार आणि स्पेलिंग, पटकन

जोर पहिल्या 'ए'वर, पुढचं भरभर. मधला ज जिलबीतला. शेवटचा आवाज मात्र त्या ज सारखा टेकवून तोडायचा नाही, जीभ न टेकवता घशातून गुणगुण सुरू राहिली पाहिजे. बरेचजण 'एनर्जाईज' म्हणताना शेवटी परत जिलबीतला ज लावतात, समजतं समोरच्याला, पण मुलाखतीला जायचं असेल तर सुधारून घ्या.

स्पेलिंगमध्ये शेवटून दुसरं अक्षर झेड पण चालतं आणि एस पण. अमेरिकेत झेड, ब्रिटनमध्ये जास्त करून एस आणि आपले इंग्रजी पेपर पण बहुतेक एसच लिहितात, पण ऑक्सफर्डची डिक्शनरी स्वतः झेड देते, त्यामुळे झेड लिहिलं म्हणजे अमेरिकन झालं असं काही नाही. पेपर लिहिताना एकच धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. आणि ज्यांनी झेड धरला त्यांनी जपून, कारण अॅडव्हर्टाइज, सरप्राइज, एक्सरसाइज या शब्दांना कुठंही एसच लागतो, तिथं झेड घातला की चूकच.

पहिली खरी पायरी: मराठी वाक्य उलटं करायला शिका

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण पोरं अडखळतात ती इथंच. मराठीत आपण ऊर्जेला कर्ता करतो. "चहा घेतला की तरतरी येते." "पावसामुळे शेतकऱ्यांना हुरूप आला." "गावात चैतन्य पसरलं." तरतरी येते, हुरूप येतो, चैतन्य पसरतं, आणि माणूस बिचारा "ला" लावून बाजूला उभा असतो, ज्याने हे सगळं घडवलं तो चहा किंवा पाऊस "मुळे" लावून कोपऱ्यात. इंग्रजीत एनर्जाइझ वापरायचं तर हे सगळं फिरवायचं. "कशामुळे" याचं उत्तर कर्ता होतं, "कुणाला" याचं उत्तर कर्म होतं, आणि तरतरी-हुरूप-चैतन्य हे सगळं त्या एका क्रियापदात जाऊन बसतं, त्याला वेगळा शब्द लागतच नाही.

करून बघा. "यवतेश्वरच्या घाटात पहाटे पळून आलं की दिवसभर अंगात तरतरी राहते." कशामुळे? पहाटे घाटात पळण्यामुळे. कुणाला? मला. मग वाक्य झालं: 'रनिंग अप द यवतेश्वर घाट इन द मॉर्निंग एनर्जाइझेस मी फॉर द होल डे.' साताऱ्याची जी पोरं भरतीच्या तयारीला त्या घाटात पळतात त्यांनी हे वाक्य पाठच करावं, मुलाखतीत छंद विचारला की कामाला येतं.

आता जरा मोठं वाक्य. "नाना पाटलांच्या भाषणांनी खेड्यापाड्यात चैतन्य पसरलं." कशामुळे? भाषणांमुळे. कुणात? खेड्यांत, म्हणजे इथं खेडीच घेणारी. 'नाना पाटील्स स्पीचेस एनर्जाइझ्ड द व्हिलेजेस ऑफ सातारा.' हे वाक्य मला फार आवडतं कारण यात शब्दाचा पूर्ण अर्थ उतरलाय. लोक नुसते भाषण ऐकून खूष होऊन घरी गेले नाहीत, १९४३ ते ४६ या काळात त्यांनी प्रतिसरकार चालवलं, गावोगावी न्यायनिवाडे केले, आणि तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीतले वाळवा, तासगाव पण येत होते. घेणारा कामाला लागला, तेव्हाच एनर्जाइझ शोभतं. लोकांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या असत्या तर 'एंटरटेन्ड' किंवा फार तर 'थ्रिल्ड' म्हणावं लागलं असतं.

यातच एक नियम येऊन जातो. या क्रियापदाला कर्म लागतंच. 'आय एनर्जाइझ' एवढंच म्हणून थांबता येत नाही, कुणाला एनर्जाइझ करता ते सांगावं लागतं. एखाद्या डिक्शनरीत कर्माशिवायचा वापर दिलेला सापडेल पण आज तसं कोणी बोलत नाही, त्याच्या नादाला लागू नका. आणि "मी एनर्जाइझ झालो" असं आपण मराठीत बिनधास्त बोलतो त्याचं इंग्रजी 'आय एनर्जाइझ्ड' होत नाही, ते होतं 'आय फील एनर्जाइझ्ड' किंवा 'आय वॉज एनर्जाइझ्ड बाय' आणि पुढं कशामुळे ते.

दुसरी पायरी: एनर्जाइझ्ड, एनर्जाइझिंग आणि एनर्जेटिक

हे तीन एकमेकांत लय घुसतात. ज्याला मिळाली तो एनर्जाइझ्ड. जे देतं ते एनर्जाइझिंग. आणि ज्याचा स्वभावच तसा तो एनर्जेटिक.

'अ मॉर्निंग वॉक ओव्हर द आयर्विन ब्रिज इज एनर्जाइझिंग, अँड आय फील एनर्जाइझ्ड आफ्टर इट.' चालणं देतंय म्हणून एनर्जाइझिंग, मला मिळतंय म्हणून एनर्जाइझ्ड. 'आय अॅम एनर्जाइझिंग' म्हणालात तर अर्थ होतो की माझ्या सहवासात दुसऱ्यांना उत्साह येतो, म्हणजे नकळत स्वतःचं कौतुक, आणि ऐकणारा मनात हसतो. बोअर्ड आणि बोअरिंगचं गणित ज्याला जमलं त्याला हे वेगळं शिकायची गरज नाही, तेच आहे.

एनर्जेटिक मात्र वेगळ्या घरचा. ऐंशीच्या घरात गेलेली आजी पहाटे उठून सगळं अंगण झाडते, ती एनर्जेटिक. तिला कुणी काही दिलं नाही, ती तशीच आहे. तीच आजी आजारपणात पडून असताना, नातू मुंबईहून आल्यावर एकदम उठून पुरणाच्या तयारीला लागली तर 'हर ग्रँडसन्स व्हिजिट एनर्जाइझ्ड हर.' इथं देणारा दिसतो, बदल दिसतो. निबंधात 'एनर्जेटिक युथ' आणि 'एनर्जाइझ्ड युथ' यातला फरक पण हाच, पहिल्यात तरुण मुळातच उत्साही, दुसऱ्यात त्यांना कशाने तरी उत्साह आलाय, मग ते "कशाने" पुढच्या वाक्यात आलं पाहिजे नाहीतर परीक्षकाला अर्धवट वाटतं.

चहाबद्दल एक सांगून टाकतो कारण प्रत्येक बॅचला कुणीतरी विचारतंच. चहातलं कॅफिन शरीराला इंधन म्हणून ऊर्जा देत नाही, मेंदूत थकवा जाणवून देणारं अॅडिनोसिन नावाचं द्रव्य असतं त्याची जागा ते अडवून बसतं, म्हणून दमणूक जाणवत नाही. खरी ऊर्जा त्यातल्या साखर-दुधाची. तरीपण 'टी एनर्जाइझेस मी' हे वाक्य बरोबरच आहे कारण भाषेत इथं अनुभव मोजला जातो.

तिसरी पायरी: विजेचा अर्थ, आणि इथं निष्काळजीपणा नको

इलेक्ट्रिशियन, वायरमन, आयटीआय, डिप्लोमावाल्यांनी हा भाग दोनदा वाचा.

विजेच्या कामात एनर्जाइझ्ड म्हणजे वीजपुरवठ्याला जोडलेलं आणि ज्यात व्होल्टेज आहे असं. मोटर फिरायलाच पाहिजे, बल्ब पेटायलाच पाहिजे असं नाही. बटण बंद असलं, यंत्र गप असलं तरी आत येणारी वायर एनर्जाइझ्ड असू शकते. उलटा शब्द डी-एनर्जाइझ्ड, म्हणजे पुरवठ्यापासून तोडलेलं. आता आपल्याकडं लाईनमनपासून साहेबांपर्यंत सगळे "लाईन चार्ज केली", "डीपी (म्हणजे ट्रान्सफॉर्मर) चार्ज झाला" असंच बोलतात, आणि भारतातल्या कामाच्या ठिकाणी ते चालतं, सगळ्यांना कळतं. पण गल्फला किंवा मोठ्या कंपनीत गेलात की मॅन्युअलमध्ये 'चार्ज्ड' आणि 'एनर्जाइझ्ड' हे दोन वेगळे शब्द असतात. पुरवठ्याला जोडलेलं ते एनर्जाइझ्ड, आणि पुरवठा तोडल्यावरही ज्यात विजेचा साठा उरलाय ते चार्ज्ड. सिंगल फेज पंपाच्या पेटीतला कपॅसिटर डोळ्यासमोर आणा. मेन स्विच पाडला, वायर काढली, म्हणजे तो पुरवठ्यापासून सुटला, पण त्यात चार्ज शिल्लक असू शकतो आणि बोट लागलं तर जोरात झटका बसतो. म्हणजे वस्तू डी-एनर्जाइझ्ड आहे आणि तरीही चार्ज्ड आहे, दोन्ही एकाच वेळी खरं. म्हणून मॅन्युअलमध्ये 'डी-एनर्जाइझ अँड डिस्चार्ज' असं दोन्ही लिहिलेलं असलं की ते उगाच दोनदा लिहिलेलं नसतं, दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही करायची असतात.

'नेव्हर अझ्यूम दॅट अ लाईन इज डी-एनर्जाइझ्ड' म्हणजे लाईन बंद आहे असं कधीही गृहीत धरू नका. परमिट (म्हणजे लाईनवर काम करायची परवानगी) घ्या, टेस्टरने तपासा, अर्थिंग करा, मगच हात. हे वाक्य मी पोरांकडनं घोकून घेतो.

आणि आपल्या शेतात दिसणारी एक वस्तू. पाटण, शिराळा भागात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या कडेच्या गावांत गवे आणि रानडुकरं पिकात येतात म्हणून सोलरवरची झटका मशीन लावतात ना, त्या मशीनच्या डब्याला इंग्रजीत 'फेन्स एनर्जायझर' म्हणतात. तो तारेत सतत करंट सोडत नाही, साधारण सेकंदाला एक असा अगदी क्षणभराचा ठोका सोडतो, व्होल्टेज काही हजारांत पण ऊर्जा थोडी, म्हणून जनावर बिचकतं पण मरत नाही. घरच्या लाईटची वायर थेट कुंपणाला जोडणं हे एनर्जायझर नव्हे, ते बेकायदेशीर आहे आणि त्याने माणसं मेलेली आहेत. कुणी मॅन्युअल इंग्रजीत म्हणून वाचत नसेल तर घरातल्या शिकलेल्या पोराने ते वाचून समजावून द्यावं.

एमपीएससीवाल्यांसाठी: सरकारी इंग्रजी अहवालात 'पंपसेट्स एनर्जाइझ्ड' असा कॉलम दिसतो, त्याचा अर्थ किती कृषिपंपांना वीजजोडणी दिली. पंप सुरू आहेत का, पाणी येतंय का याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि कोयनेबद्दल लिहिताना 'कोयना एनर्जाइझेस १९६० मेगावॅट' असं काही लिहू नका. १९६० मेगावॅट ही प्रकल्पाची क्षमता, वीज तयार करणं म्हणजे 'जनरेट', ती पुरवणं म्हणजे 'सप्लाय', आणि त्या विजेवर काहीतरी चालतं ते 'पॉवर'. नवीन उभारलेल्या लाईनमध्ये पहिल्यांदा ती वीज सोडली की 'द लाईन वॉज एनर्जाइझ्ड'. धरण साताऱ्यात पाटण तालुक्यात, मुख्य वीजघरं घाटाखाली रत्नागिरी जिल्ह्यात पोफळी-अलोऱ्याकडं, हे पण लक्षात असू द्या, पेपरात गोंधळ होतो.

चौथी पायरी: शेजारचे शब्द ओळखा

मराठीत आपल्याकडं या भावनेला इतके शब्द आहेत की सगळ्यांना एनर्जाइझ लावणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय. तरतरी आली, ताजंतवानं वाटलं, थंड हवेने अंग हलकं झालं, हे शरीराचं. महाबळेश्वरच्या पहाटेच्या वाऱ्याला 'इन्व्हिगरेटिंग' जास्त शोभतं. हुरूप आला यात मनाला धीर मिळालाय, तिथं 'एनकरेज्ड'. स्फुरण चढलं, तिथं 'इन्स्पायर्ड' किंवा 'फायर्ड अप'. १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणणाऱ्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांकडं बघून आज एखादं पोरगं आखाड्यात उतरत असेल तर ते 'इन्स्पायर्ड' आहे, एनर्जाइझ्ड नाही, कारण प्रेरणा लांबून आणि वर्षानुवर्षांनी पण मिळते, एनर्जाइझला समोरचा, आत्ताचा धक्का लागतो. कुस्तीच्या आधी वस्तादाने पाठीवर थाप मारली, तिथं एनर्जाइझ्ड म्हणा.

'मोटिव्हेट' म्हणजे कारण देणं. पगारवाढ मोटिव्हेट करते. 'स्टिम्युलेट' बहुतेक वस्तूंना आणि व्यवहाराला, म्हणजे बाजार, भूक, पिकाची वाढ, अर्थव्यवस्था. 'एम्पॉवर' मध्ये पॉवर आहे म्हणून फसू नका, ते अधिकार देण्याबद्दल आहे. महिला बचत गटांवरच्या निबंधात 'एम्पॉवर' पाहिजे, तिथं एनर्जाइझ लिहिलं की अर्थच हलका होतो.

'गॅल्व्हनाइझ' मला विशेष आवडतो. इटलीच्या लुइजी गॅल्व्हानीने अठराव्या शतकाच्या शेवटी मेलेल्या बेडकाच्या पायाला विजेचा झटका दिला आणि पाय हलले, त्याच्या नावावरनं हा शब्द. सुस्त पडलेल्या जमावाला एकदम हादरा देऊन कृतीला लावणं म्हणजे गॅल्व्हनाइझ. महापूर आला आणि सगळं गाव एका रात्रीत कामाला लागलं, तर 'द फ्लड गॅल्व्हनाइझ्ड द व्हिलेज'. इथं एनर्जाइझ शोभणार नाही, कारण त्यात चांगली, हवीहवीशी भावना असते आणि पूर काही उत्साह देत नाही. आपल्या शेतातला जीआय पाईप पण याच शब्दाचा, गॅल्व्हनाइझ्ड आयर्न, फक्त तिथं अर्थ जस्ताचा थर दिलेला.

'री-एनर्जाइझ' म्हणजे आधी होती, मधे गेली, परत आणली. थकलेली टीम, मरगळलेली संस्था, यांना हा शब्द. आणि 'एनर्जायझर' झटका मशीनशिवाय अजून एका ठिकाणी ऐकाल, शिक्षकांच्या प्रशिक्षणात दोन तासिकांच्या मधे उठवून जो छोटा खेळ घेतात त्याला.

आता वहीत करा

ही चार वाक्यं आधी स्वतः करा, मग खाली बघा. "नवीन कोच आल्यापासनं टीममध्ये जान आली." "लाईट गेली की स्टार्टर पडतो." "मामा साठीला आले तरी लय उत्साही आहेत." "टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आटपाडीत आलं आणि शेतकऱ्यांमध्ये चैतन्य आलं."

पहिल्यात देणारा कोच, आणि "जान आली" म्हणजे आधी गेलेली होती, म्हणून 'द न्यू कोच हॅज री-एनर्जाइझ्ड द टीम.' "आल्यापासनं" आहे म्हणून हॅज. दुसऱ्यात 'व्हेन द पॉवर फेल्स, द कॉईल इज डी-एनर्जाइझ्ड अँड द स्टार्टर ड्रॉप्स आउट.' तिसऱ्यात देणाराच नाही, मामा तसेच आहेत, म्हणून 'माय अंकल इज व्हेरी एनर्जेटिक इव्हन अॅट सिक्स्टी.' चौथ्यात कशामुळे, तर पाणी येण्यामुळे, कुणाला, तर शेतकऱ्यांना: 'द अरायव्हल ऑफ टेंभू वॉटर एनर्जाइझ्ड द फार्मर्स ऑफ आटपाडी.' इथं कुणी 'एनकरेज्ड' लिहिलं तरी मी बरोबरच देईन, पण पुढच्या वाक्यात शेतकऱ्यांनी डाळिंब सोडून ऊस लावला, ठिबक टाकलं असं काही येणार असेल तर एनर्जाइझ्डच ठेवा.